जाळ्याच्या शिशाच्या नळ्या घरी ओतताना मेण, माप आणि खर्च

प्रश्न असा आला आहे. म्हापशाला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका बाबांनी दोन मीटर त्रिज्येचं पागेर, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, विणून घेतलंय. जाळं बुडावं म्हणून कडेला शिशाच्या नळ्या लागतात, त्या विणणाऱ्याने लावलेल्या नाहीत. त्यांच्याकडे जुन्या टेलिफोन केबलच्या आवरणाचं चार किलो शिसं आहे आणि टायरवाल्याकडून आणलेली सात किलो चाकाची (बॅलन्सिंगची) वजनं आहेत. परदेशातले हौशी लोक बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात, त्यांना मेण आणि ग्रीस चोपडतात आणि भोकातून दाबून एका मापाच्या करतात, असे व्हिडिओ त्यांनी बघितलेत. त्यावरून ते विचारतात: जाळ्याच्या नळ्यांना हे मेणाचं काम लागतं का? मशीन नसताना सगळ्या नळ्या एका मापाच्या कशा करायच्या? आणि गॅलरीत, जुन्या प्रेशर कुकरमध्ये, गॅसच्या बारक्या शेगडीवर हे जमेल का? घरात तीन वर्षांची मुलगी आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

बाबा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर 'नाही' आहे. बाकीचं वाचून मग ते कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

गॅलरीत नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं. आपण काम करतो त्या ३७० च्या आसपासच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, म्हणून बरेच जण म्हणतात की धोका काहीच नाही. धोका वाफेपेक्षा साईत आहे. वितळलेल्या शिशावर करडी-पिवळी साय धरते, ती आपण खरवडून काढतो, ती वाळली की पीठ होते आणि ते पीठ हाताला, कपड्याला, वाळत घातलेल्या फ्रॉकला लागतं. तीन वर्षांचं पोर जमिनीवर खेळतं आणि हात तोंडात घालतं. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि २०२१ च्या त्यांच्या मार्गदर्शनानुसार रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तरी ते कुठून आलं हे शोधून बंद करायला हवं. मुलांच्या मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. तुम्ही लिहिलंय की मूळ घर पार्श्याला आहे. तिथल्या माडाच्या भाटात, घरापासून आणि विहिरीपासून लांब, वारा पाठीवर घेऊन करा. घरातली पोरं त्या दिवशी आजोळी पाठवा.

कुकर तर मुळीच नाही. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो बहुतेक वेळा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडतं, आणि पाच-सहा किलो वितळलेलं शिसं पोटात घेऊन हँडल धरून उचललेला कुकर काय करेल याची परीक्षा घेऊ नये. जाड बुडाचं लोखंडी किंवा स्टीलचं भांडं घ्या. पळी जस्ताचा मुलामा दिलेली नको आणि डाग देऊन (सोल्डरने) जोडलेली नको, कारण डाग शिशाच्या आधी वितळतो आणि पळीचं डोकं भांड्यात पडतं. ही भांडी परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत. त्यांना तेल-रंगाने लाल खूण करून टाका, नाहीतर वर्षभराने कोणीतरी त्यात गोडं तेल तापवेल.

आता मेणाकडे येऊ. गोळीला मेण का लावतात? ती प्रचंड वेगाने बंदुकीच्या पोलादी नळीतून घासत जाते, मऊ शिसं नळीच्या आतल्या खाचांना चिकटतं आणि पुढचा नेम बिघडतो, म्हणून गोळीच्या अंगावर खाचा पाडून त्यात मेण-ग्रीस भरतात. माप बरोबर लागतं तेही त्याच नळीसाठी. तो खेळ आपला नव्हे. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, तेव्हा व्हिडिओतून उचलायचं ते धातूकाम तेवढं उचला. जाळ्याची नळी कुठल्याच नळीतून जात नाही. ती पाण्यातून सरळ खाली जाते. बाहेरून मेण लावलंत तर त्याला वाळू चिकटेल, बस्स. मी एका वर्षी हौसेने मधमाशांचं मेण आणि खोबरेल तेल एकत्र करून सगळ्या नळ्यांना चोळलं होतं. केरीच्या रेतीत दोन फेक मारल्यावर शिसं असं दिसत होतं, जणू चिकाच्या वड्यांवर खोबरं भुरभुरलंय.

पण घर्षण आपल्याकडेही दोन ठिकाणी होतं आणि तिथे वंगण लागतंच. एक, साच्यात. भोक पाडण्यासाठी जी सळी उभी करतो तिच्यावर शिसं थंड होताना आवळत जातं, कारण घट्ट होताना त्याचं आकारमान साधारण साडेतीन टक्के कमी होतं. दुसरं, दोरी नळीच्या भोकातून जाते तिथे.

सळीला तेल किंवा ग्रीस लावू नका. गरम शिसं लागताच तेलाचा धूर होतो, धूर बाहेर पडायला वाट मागतो आणि नळीवर सुरकुत्या आणि पोकळ्या येतात. पहिल्या दहा नळ्यांना सुरकुत्या दिसल्या की नवशिके शिसं आणखी तापवतात. बहुतेक वेळा दोष साच्यात उरलेल्या तेलाचा असतो, किंवा साचा थंड असतो. सळीला मऊ पेन्सिल घासा, ६बी सारखी. पेन्सिलीचं ग्राफाइट हे या कामातलं सर्वांत स्वस्त आणि चांगलं वंगण आहे. साच्याच्या आतल्या अंगाला घासलेटच्या चिमणीची किंवा मेणबत्तीची काजळी धरा, पातळ थर, आईच्या डोळ्यातल्या काजळाएवढा. जाड काजळीने नळीचं माप कमी होतं.

सळी म्हणून मी वेल्डिंगची ४ मिलिमीटरची कांडी वापरतो. वरचा फ्लक्सचा लेप हातोड्याने हलके ठोकून काढायचा, मग पॉलिश पेपरने घासताना खालच्या टोकाकडे अगदी थोडी निमुळती करायची. निमुळतेपणा डोळ्याला दिसू नये, बोटाला कळावा. एवढं केलं की नळी गरम असताना पक्कडीने सळीला अर्धा वळसा दिला की ती सुटते. सरळ खेचू नका, आधी पिळा.

साच्यासाठी समुद्रफेसही चालतो हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची हाडं येतात, ती. सोनार त्यात दागिने ओतत. एका साच्यात एकदाच ओतता येतं, म्हणून अडीचशे नळ्यांसाठी नव्हे. पण गळाला लावायच्या एखाद्या मोठ्या वजनासाठी झकास, आणि फुकट. चिऱ्यात (जांभ्या दगडात) कोरून साचा करायची एकाची कल्पना होती. चिरा स्पंजासारखा पाणी पितो. त्याच्या जवळपास वितळलेलं शिसं नेऊ नका.

लाकडाचा साचा आमच्या वडिलांच्या वेळी होता, सागवानी. दहा-पंधरा वेळा ओतलं की आतून जळून मोठा होत जातो. मापाच्या सगळ्या तक्रारी तिथून सुरू होतात, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही तिथेच आहे.

मी आयुष्यभर लेथवर टर्नर म्हणून काम केलं, तेव्हा मापाबद्दल मला जरा जास्त बोलू द्या.

आधी हिशोब. पागेराला किती शिसं? त्रिज्येच्या एका मीटरला दीड किलो हा ठोकळ हिशोब चालतो. तुमची त्रिज्या दोन मीटर, म्हणजे तीन किलो. परीघ साडेबारा मीटर. दर पाच सेंटिमीटरला एक नळी लावली तर अडीचशे नळ्या, आणि एक नळी १२ ग्रॅमची. शिशाची घनता ११.३४, म्हणून १२ ग्रॅम म्हणजे एक घन सेंटिमीटरच्या जरा वर. बाहेरून ८ मिलिमीटर, भोक ४, लांबी २८, या मापाची नळी बरोबर १२ ग्रॅमची होते. करून बघा, कॅल्क्युलेटरवरही येतं.

आता साचा जळून ८ चा साडेआठ झाला असं समजा. नुसता अर्धा मिलिमीटर, नखाच्या जाडीइतका. तीच नळी १४ ग्रॅमची होते. अडीचशे नळ्यांत अर्धा किलो शिसं जास्त. आणि सगळ्याच जड असत्या तर चाललं असतं. पण सुरुवातीच्या १२ च्या आणि शेवटच्या १४ च्या, आणि बांधताना डब्यातून हाताला येतील तशा. मग जाळं एका बाजूने आधी बसतं. शेवटा हा मासा किती चपळ आहे हे तुम्हाला सांगायला नको. एका बाजूची फट त्याला पुरते. बाकीचं जाळं तळाला पोचेपर्यंत तो शिवोलीच्या पुलापलीकडे असतो.

म्हणून व्हिडिओतल्यासारखी भोकाची पट्टी करावी असं तुम्हाला वाटलं, ते साहजिक आहे. पट्टी सोपी आहे. ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, त्यात ८ चं भोक, शिरायच्या बाजूने तोंड मोठ्या ड्रिलने उतरतं केलेलं, आत पॉलिश पेपर गुंडाळलेल्या काडीने गुळगुळीत. सोनार तार ओढायला अशीच ओळीने भोकं पाडलेली पट्टी वापरतात, तत्त्व तेच. नळीत सळी घालून ठेवायची म्हणजे आतलं भोक बसत नाही, बाहेरून साबणाच्या पाण्याचा हात फिरवायचा, आणि व्हाइसमध्ये हळूहळू दाबत पलीकडे काढायची. हातोडा मारायचा नाही. शिसं डोक्यावर फुलतं आणि भोकात अडकतं. एका वेळी पाव मिलिमीटरच्या वर कमी करायचा प्रयत्न करू नका. साडेआठची नळी आठची करायची तर मध्ये सव्वाआठचं एक भोक ठेवा. इथे साबणाचं पाणी नको असेल तर मेण चालेल. तुमच्या मेणाला ही पहिली जागा मिळाली.

पण थांबा. पट्टीतून काढल्याने नळी हलकी होत नाही. शिसं दाबल्याने कमी होत नाही, ते लांब होतं. साडेआठची २८ लांबीची नळी आठच्या भोकातून काढली की ती जवळजवळ ३३ लांबीची होते, वजन तेच १४ ग्रॅम. दिसायला सगळ्या नळ्या एका जाडीच्या, देखण्या, आणि जाळं तरीही तिरकं बसतं. माझ्याकडे एक तरुण असं पागेर घेऊन आला होता. त्याने तीन रविवार पट्टीत घालवले होते. मी वजनकाट्यावर दहा नळ्या टाकून दाखवल्या तेव्हा त्याचा चेहरा पडला. पट्टीनंतर लांबी कापावी लागते, नाहीतर पट्टीला अर्थ नाही. आणि लांबी कापायचीच आहे तर पट्टी कशाला?

बंदुकवाल्याला जाडी महत्त्वाची, कारण त्याच्याकडे बंदुकीची नळी आहे. जाळेवाल्याला वजन महत्त्वाचं. त्याने पट्टीवर खर्च करू नये, साच्यावर करावा.

साचा असा करून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, २८ मिलिमीटर उंचीचे, एकमेकांना क्लॅम्प केलेले. दोघांच्या सांध्यावर वरून खाली ८ ची भोकं, एकमेकांपासून १५ मिलिमीटरवर, जितकी बसतील तितकी. ठोकळे दरवेळी त्याच जागी बसावेत म्हणून दोन कोपऱ्यांत दोन खुंट्या. खाली एक पट्टी, तिच्यात प्रत्येक भोकाच्या मध्यभागी ४ ची भोकं, त्यात सळ्या उभ्या. वरच्या तोंडाला उथळ खाच, म्हणजे पळीतून ओतलेलं शिसं एका भोकातून दुसऱ्याकडे वाहतं. सांध्याच्या अंगावर करवतीच्या पात्याने बारीक ओरखडे मारा, हवा बाहेर जायला. शिसं त्यातून जात नाही, हवा जाते. हे सगळं कुठल्याही वर्कशॉपमध्ये ड्रिल प्रेसवर तास-दीड तासाचं काम आहे. उंची ठरलेली असल्याने लांबी आपोआप बरोबर येते, वर उरलेली गाठ पक्कडीने तोडायची. पंचवीस वर्षं माझा एकच साचा चालू आहे. भोकं अजून आठचीच आहेत.

ओतायच्या आधी साचा शेगडीच्या कडेला ठेवून तापवा. पहिल्या चार-पाच ओतण्या तशाही वाया जातात, त्या परत भांड्यात टाकायच्या. नळी सुरकुतलेली असेल तर साचा थंड आहे, पांढरट धुरकट असेल तर जास्त गरम. तापमापक नसेल तर माडाच्या पातीची सुकी हीर शिशात बुडवा: ती हळूहळू काळी पडायला हवी, पेटायला नको. पेटली तर आच कमी करा. मध्येच एकदा लाकडाचा सुका भुसा चिमूटभर टाकून सुक्या काठीने ढवळा, त्याने सायीतलं शिसं परत खाली मिसळतं आणि घाण वर येते. ती घाण झाकणाच्या डब्यात, डब्यावर नाव लिहून. ती नाल्यात किंवा खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) टाकायची नाही, भंगारवाल्याला द्यायची.

पुढचा मुद्दा मी शिक्षा भोगून शिकलो. पाणी. जून-जुलैत ६१ दिवस ट्रॉलरना बंदी असते, जेटीवर शांतता, हाताला काम नसतं, आणि नेमकं तेव्हाच जाळी दुरुस्त करावीत, शिसं ओतावं असं वाटतं. मलाही वाटलं. जुन्या पागेराची शिशं कापून काढली होती, ती वितळवून नवी करायची होती. बाहेर वाळवलेली, हाताला कोरडी. पण भोकांत दोरीचे तुकडे आणि मीठ होतं, आणि मीठ पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं. मी मूठभर नळ्या सरळ वितळलेल्या शिशात टाकल्या. पाण्याची वाफ होते तेव्हा ती सोळाशे-सतराशे पटींनी पसरते. आवाज फटाक्यासारखा आला. पडवीच्या कौलांना खालून शिशाचे थेंब चिकटले होते, ते अजून तिथे आहेत. माझ्या डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत पाच डाग आहेत. चष्मा होता म्हणून डोळे आहेत.

त्यामुळे पावसाळ्यात हे काम नाही. दिवाळीनंतर, सुक्या दिवसांत, आणि भांड्यात जे टाकायचं ते आधी भांड्याच्या काठावर अर्धा तास तापवून मगच. एकदा वितळलेल्या शिशात थंड काहीही बुडवायचं नाही, पळीसुद्धा नाही. कपाळाचा घाम पुसायचा असेल तर दोन पावलं मागे या.

आता तुमचा माल. केबलचं आवरण चांगलं, जवळजवळ शुद्ध आणि मऊ. फक्त आतला तेलकट कागद आणि डांबर आधी सोलून काढा, नाहीतर धुराने जीव नकोसा होईल. चाकाची वजनं एकेक करून तपासा. जुनी शिशाची असतात, त्यात दोन-चार टक्के अँटिमनी असतं, त्याने नळी कडक होते आणि साचाही नीट भरतो. पण आता बरीच वजनं लोखंडाची आणि जस्ताची येतात. लोखंड चुंबकाला कळतं. जस्त कळायला पक्कडीने चिमटा: शिशात खोलवर खूण उमटते, जस्त हटत नाही. कागदावर घासलं तर शिसं पेन्सिलसारखी रेघ मारतं. खात्री नसेल तर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब, बाहेर उघड्यावर. जस्तावर लगेच फेस येतो.

एका भंगारवाल्याने मला 'सगळं शिसंच आहे हो' म्हणून एक गोणी दिली होती. मी तपासली नाही आणि आच मोठी ठेवली. जस्त ४२० अंशांच्या खाली वितळत नाही, तेव्हा ३७० ला ठेवलं असतं तर ते वर तरंगलं असतं, झाऱ्याने काढून टाकलं असतं. मी पावणेपाचशेला नेलं. शिशाची पेज झाली. भातासकट पेज, ढवळावी तितकी दाट. साच्यात ती जात नाही, आणि जस्त एकदा मिसळलं की घरच्या साधनांनी परत वेगळं होत नाही. बारा किलो शिसं त्याच भंगारवाल्याला परत विकलं, अर्ध्या भावाने. त्यानेही ते हसत घेतलं.

गाडीच्या बॅटरीतलं शिसं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. आत अ‍ॅसिड असतं, प्लेटांवर ऑक्साइडचा लगदा असतो, आणि वितळवताना विषारी वायू निघू शकतात. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, तिचे पैसे तिथेच मिळतात.

तुमच्या चार आणि सात किलोंचं मिश्रण साधारण निम्मे-निम्मे ठेवा. वजनं तपासून त्यातली पाच किलो जरी शिशाची निघाली तरी तुमच्याकडे नऊ किलो आहे, म्हणजे तीन पागेरांचा माल. एकाच पागेरासाठी साचा करणार असाल तर नका करू. जाळ्यांच्या दुकानात तयार नळ्या किलोवर मिळतात, तीन किलो घ्या आणि मोकळे व्हा. भाऊ, मेहुणे, शेजारी असे तिघे-चौघे मिळून साचा केलात तर तो पैसे वसूल करतो. आणि पैसे वाचवायचे ते शेगडीवर, भांड्यावर, साच्याच्या धातूवर वाचवा. कुठलाही भंगारातला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा चालतो. चष्मा, चामड्याचे मोजे, बंद बूट आणि धुळीचा फिल्टर लावलेला रबरी मास्क यांवर नको. कापडी मास्क शिशाच्या धुळीला अडवत नाही. काम झालं की कपडे वेगळे धुवायचे, आधी हात साबणाने, मग विडी, मग चहा. आणि एक सवय जी आपल्याकडच्या प्रत्येक गळवाल्याला असते: दोऱ्यावर बारकं शिसं दातांनी चावून बसवणं. ती आजच सोडा. ब्रिटनमध्ये बारक्या शिशाच्या वजनांवर १९८७ मध्ये बंदी आली, कारण तळ्यातले राजहंस ती खड्यांसारखी गिळून मरत होते. आपण तर ती स्वतःहून तोंडात घालतो.

नळ्या झाल्या. आता तोला. सोनारांकडे असतो तसला खिशातला काटा फार महाग नाही. साडेअकरा ग्रॅमच्या खालच्या एका डब्यात, साडेअकरा ते साडेबारा दुसऱ्यात, वरच्या तिसऱ्यात. मधला डबा वापरा, बाकीच्या भांड्यात परत. परत टाकायच्या नळ्या फार निघाल्या तर साचा नीट बंद होत नाही किंवा सळी वाकडी उभी राहते, ते बघा.

मग भोकांची तोंडं. पक्कडीने गाठ तोडलेल्या बाजूला धारदार कड राहते आणि ती नायलॉनची दोरी महिनाभरात कापते. ८ चं ड्रिल हातात धरून प्रत्येक तोंडात दोन वळसे द्या, कड गोल होते. अडीचशे नळ्या, पाचशे तोंडं. कंटाळा येतो, पण हेच काम लोक टाळतात आणि मग 'दोरी हलकी होती' म्हणतात. कीस परातीत पडू द्या, जमिनीवर नाही; झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. तुमचं दुसरं मेण इथे: ३ मिलिमीटरच्या दोरीचं टोक मेणबत्तीवर वितळवून टोकदार करा आणि पहिल्या वीतभर भागावर मेण चोळा. नळ्या मण्यांसारख्या ओवल्या जातात.

नवं चकचकीत शिसं काळवंडावं म्हणून काही जण कोकमाच्या आगळात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतात. पितळेचं भांडं चिंचेने उजळतं, म्हणून शिशालाही आंबट चालेल असा समज. शिसं आंबटात विरघळतं आणि त्याचा विषारी क्षार तयार होतो. तो चवीला गोड असतो, म्हणून जुन्या लोकांनी त्याला शिशाची साखर म्हटलं. दोन भरत्या-ओहोट्यांत ते आपोआप काळवंडतं, त्याला काही करावं लागत नाही. हाताला लागू नये म्हणून मी तारेत ओवून इनॅमल रंगात दोनदा बुडवतो. घरच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर असू नये असा नियम आपल्याकडे आहे, आणि मी तोच रंग अख्ख्या शिशाला फासतो, याचं मला दरवेळी हसू येतं. रेतीत रंग एका मोसमात झिजतो. पुढच्या वर्षी परत.

तळ कसा आहे त्यावर थोडं इकडे-तिकडे करा. मानशीजवळच्या (खाडीचं पाणी अडवायच्या दारांजवळच्या) चिखलात १० ग्रॅमची नळी बरी, म्हणजे साच्याची उंची २८ ऐवजी साधारण २३. जड शिसं चिखलात रुततं आणि जाळं ओढताना चिखल घेऊन येतं. किरणपाणीसारख्या ओढीच्या पाण्यात १२ च्या खाली येऊ नका. कालवांच्या खडकावर पागेर टाकूच नका, शिसं राहील आणि जाळं जाईल.

बांधून झालं की पाण्यात जायच्या आधी कापलेल्या शेतात कोरड्यावर फेकून बघा. पूर्ण गोल पडायला हवं. एक बाजू आत ओढलेली दिसली तर लगेच तिथलं शिसं काढू नका. बहुतेक वेळा शिशाचा दोष नसतो. दोरी बांधताना तिथे दोन-तीन गाठी जवळ पडलेल्या असतात आणि जाळं आखडलेलं असतं. त्या गाठी सोडून परत पाच सेंटिमीटरवर बांधा, आणि मग एकदा फेका.